कॅप्टन उदयराव दिघे डावे आसन सोडोन उजव्या आसनी बसले त्याची हकीकत

श्री वायुदेव रक्षिता. आकाशी जे चढते आणि जे सुखरूप खाली येते, त्या उभयतांस नमस्कार करोन लिहिण्यास आरंभ केला ऐसाजे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, आकाशमार्गी एक थोर राज्य होते ते बुडाले. नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. पदरी बेचाळीस जेट विमाने होती, परंतु ती धन्याची नव्हेत, भाड्याची. भाडे थकले, मग विमानांचे मालक आले आणि आपापली विमाने घेऊन गेले, आणि एके सकाळी सहाशे वैमानिकांस मोबाइलवर पत्र आले जे, उद्यापासोन कामास येऊ नये. त्या सहाशांत कॅप्टन उदयराव दिघे हे नामांकित सरदार. वय त्रेपन्न, आणि कॅप्टनकी सतरा वर्षांची.

वाचणारास कळावे की विमानाचे पुढील दालनी दोन आसने असतात. डावे कॅप्टनाचे, उजवे सहवैमानिकाचे. विमान दोघेही चालवितात, परंतु हुकूम डाव्याचा. उदयराव सतरा वर्षे डावीकडे बसले आणि उजवीकडे कोण बसला याची त्यांनी फारशी विचारपूस केली नाही. त्यांच्या पत्नी शर्मिष्ठाबाई याही कॅप्टन. परंतु दुसऱ्या एका लहान राज्यात, जेथे पंख्याची विमाने सत्तर माणसे घेऊन आडगावी जात. उदयराव थट्टा करीत जे, "तुमचं विमान पोहोचेपर्यंत आमचा परतीचा चहा होतो." बाई म्हणत, "पोहोचतं ना? मग झालं." ऐसा संसार अठ्ठावीस वर्षे नीट चालिला होता.

राज्य बुडाल्यावर उदयरावांस चिंता नव्हती. म्हणाले, "अठरा हजार तास उड्डाण केलंय, लोक दारात रांग लावतील." मग दोन महिने गेले, आणि दारात दूधवाल्याखेरीज कोणी आले नाही. मग खासा स्वारी निघाली. पहिल्या राज्यी गेले, तेथे सव्वीस वर्षांची एक मुलगी मुलाखतीस बसली होती. तिने पुसिले, "सर, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" उदयराव बोलिले, "डाव्या सीटवर." मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, त्या सीटसाठी आमचीच चारशे माणसं थांबलीत." दुसऱ्या राज्यी पन्नाशीच्या आतले वैमानिक हवे होते. तिसरे राज्य समुद्रापलीकडचे, त्यांनी मान देऊन नेमणुकीचे पत्र धाडिले, मग उदयरावांनी नवी मोठी बॅग घेतली, आणि बॅग घरी आली त्याच आठवड्यात त्या राज्यानेही आपली निम्मी विमाने उभी केली. बॅगेत सध्या घरातील रजया आहेत.

इकडे कन्या परदेशी शिकत होती आणि घराचे हप्ते बाई एकट्या भरीत होत्या. उदयराव रोज पहाटे चारला उठत, सवयीने दाढी करीत आणि सोफ्यावर जाऊन बसत. विमानाचा आवाज आला की खिडकीकडे न पाहता कोणते विमान ते सांगत. बाईंनी हे पाच महिने पाहिले, मग एके दिवशी जेवताना बोलिल्या, "उदय, आमच्याकडे जागा निघालीये."

"कॅप्टनची?"

"नाही. उजवीकडची. जेट तू कितीही उडवलं असशील, पंख्याच्या विमानाचा तुला एक तासही नाही. पगार तुझ्या आधीच्या एक तृतीयांश. डावीकडे यायला तीन वर्षं."

"आणि मी उजवीकडे असताना डावीकडे कोण?"

"कधी शिरोडकर, कधी डिसोझा." बाई भाजी वाढीत म्हणाल्या, "कधी मी."

उदयरावांनी भाताची मूद मोडिली आणि ताटाकडे पाहोन जेवले. पाचवे दिवशी इस्त्रीचे कपडे आवरताना पुसिले, "युनिफॉर्म तोच चालेल का?"

"शर्ट चालेल. खांद्यावरची पट्टी एक कमी."

मग उदयरावांनी आपल्या हाते चार सोनेरी पट्ट्यांची फीत खांद्यावरोन उतरविली, कपाटात ठेविली, आणि तीन पट्ट्यांची आणिली. नवे विमान शिकावयास बसले तो वर्गात सारी तिशीच्या आतली मंडळी. परीक्षेत उदयरावांचा नंबर पाचवा आला. घरी येऊन सांगितले जे, पहिल्या दहात आलो.

पुढे शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, पौष मासी, ड्यूटीच्या यादीत नवराबायकोची नावे प्रथमच एका ओळीत आली. विमानात चढण्याआधी बाई बोलिल्या, "घरचं घरी. काही दिसलं तर लगेच बोलायचं, मनात ठेवायचं नाही." उदयराव म्हणाले, "येस, कॅप्टन." हे दोन शब्द अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या मुखातून प्रथमच निघाले आणि बाईंनी मोठ्या शर्थीने हसू आवरिले.

डोंगराकडील लहान गावी विमान उतरावयाचे होते. सकाळचे धुके विरत होते, वारा आडवा होता, आणि बाई वाऱ्याशी झुंजत विमान खाली आणीत होत्या. जमीन दोनशे फुटांवर आली. इतक्यात उजवीकडोन उदयरावांनी पाहिले तो धावपट्टीवर दोन गाढवे. एक उभे, एक बसलेले, आणि दोहोंसही कसली घाई नव्हती. उदयराव ओरडिले, "गो अराउंड!" म्हणजे उतरू नका, फिरोन वर चला. बाईंनी का म्हणोन पुसिले नाही, मान वळविली नाही. त्याच क्षणी जोर दिधला, नाक उचलिले, आणि विमान गाढवांचे डोईवरोन गर्जत वर गेले. वर जाऊन विमान स्थिर जाहल्यावर म्हणाल्या, "काय होतं?"

"गाढवं. दोन."

"बरं." मग खालच्या माणसांनी गाढवे हाकलिली, बाईंनी फेरी घेतली, आणि बारा मिनिटांनी सत्तर माणसे सुखरूप उतरली.

माणसे उतरोन गेली तरी उदयराव जागचे हलेनात. बाई बोलिल्या, "घाबरलास का?"

"नाही. तू विचारलं नाहीस, का म्हणून."

"विचारलं की. वर जाऊन."

उदयरावांस एक गोष्ट आठवली ती अशी. नऊ वर्षांमागे भर पावसात ते जेट उतरवीत असता उजवीकडे अल्ताफ मुजावर नामे सांगलीचा तरुण होता. तो हळूच म्हणाला होता, "सर, गो अराउंड." यांनी उत्तर केले होते, "हात मांडीवर ठेव. विमान मी चालवतोय." आणि विमान पाण्यातोन घसरत पट्टीच्या शेवटी उभे राहिले होते, आणि पुढे वर्षभर मित्रमंडळीत यांनी ती गोष्ट पराक्रम म्हणोन सांगितली होती.

त्याच दिवशी दुपारी उदयरावांनी अल्ताफचा नंबर मिळवोन फोन लाविला. तोही त्या सहाशांतला. सांगलीस मामाच्या दुकानी दुचाकी विकीत होता. उदयराव बोलिले, "त्या दिवशी तू बरोबर होतास. मी ऐकायला हवं होतं. माफ कर."

"सर, विमान तर नीट उतरलं होतं."

"नशिबानं उतरलं. मला तेव्हाच कळलं होतं, बोललो नाही."

पलीकडे कोणी स्कूटरचा हॉर्न वाजवोन पाहात होते. तो थांबल्यावर अल्ताफ म्हणाला, "सर, ते राहू द्या आता. तिकडे उजवीकडची जागा आहे का?"

"एक होती. ती मी घेतली."

यावर दोघेही हसले ते पुष्कळ वेळ हसले. मग उदयरावांनी बाईंस सांगितले, बाईंनी वरिष्ठांस सांगितले, आणि चार महिन्यांनी दुसरी जागा निघाली तीवर अल्ताफ आला, पूर्वीच्या निम्म्या पगारावर. दोघेही उजवीकडचे, म्हणोन एका विमानात बसण्याचा योग नाही. चहास मात्र एकत्र बसतात, आणि तेथे बोलणे बहुत करोन अल्ताफ बोलतो.

एवंच, राज्य बुडाले, पगार तिसऱ्या हिश्शावर आला, खांद्याची एक पट्टी गेली, आणि उदयराव दिघे वयाचे पंचावन्नावे वर्षी दुसऱ्याचे ऐकावयास शिकले. डावे आसन मिळण्यास अद्याप दोन अडीच वर्षे आहेत. जसे घडले तसे लिहिले, पदरचे घातले नाही. गाढवे खरोखरीच दोन होती.