दाब-सोड

आमचे शेजारी आण्णा टांग्यात बसले तरी ब्रेक मारत. उतार लागला की त्यांचा उजवा पाय फळीवर दाबला जाई, सुटे, पुन्हा दाबला जाई. टांगेवाला विचारी, "आण्णा, पायाला मुंग्या आल्या का?"

ही गोष्ट एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची. आण्णांनी श्रीगोंद्याकडं जन्मभर उसाचा ट्रक चालवला आणि त्यातून त्यांना एकच ज्ञान झालं. "मास्तर, घाबरून ब्रेक गच्च धरला की चाक अडतं. मग गाडी नुसती घसरती, स्टेरिंग कितीबी फिरवा. दाबायचा, सोडायचा. चाक फिरतं ऱ्हायलं तरच गाडी आपली." मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस, पण माझी सुटका नसे. ते दारावर थापही तशीच मारत, दाबून, थांबून, पुन्हा दाबून. बायको आतूनच म्हणे, "जा, ब्रेक आलाय."

संध्याकाळी आण्णा एसटी स्टँडवर जात. येणाऱ्या प्रत्येक गाडीवर शेरा ठरलेला. "ह्याचा ब्रेक डावीकडं वढतोय. चारी चाकांना सारखा लागाय पायजे, न्हाईतर वल्या रस्त्यावर गाडी तोंड फिरवंल." "हा वढ्यातनं आलाय. जरा दाबत दाबत आणली असती तर ब्रेक सुकला असता." ड्रायव्हर वैतागत. गाडी सुटली की मात्र आण्णा तिच्यामागं थोडं चालत जाऊन म्हणत, "ये रं." गाडी रिकामी असली तरी. सगळा स्टँड हसायचा.

एकदा मी सोबत होतो. पुण्याची गाडी आली, करकचून थांबली, चाकं किंचाळली. मी शेऱ्याची वाट पाहत होतो. आण्णा चाकांकडं बघतच नव्हते, ते दाराकडं बघत होते. शेवटी कंडक्टर उतरला.

"कुणी यायचंय का, आण्णा?" मी विचारलं.

"पोरगं. गेलं ते परत आलंच न्हाई. त्याला पुण्याला कारखान्यात जायचं हुतं, मला ट्रकवर पायजे हुता. निघताना पाया पडलं, 'येतो' म्हनलं. आपन 'ये' म्हनायचं का न्हाई? मी म्हनलं, 'जा'."

त्यांचा उजवा पाय मातीत रुतला होता.

"लई गच्च दाबला, मास्तर. सोडलाच न्हाई."

गाडी पुण्याला परत निघाली. आण्णा तिच्यामागं गेले. "ये रं," ते म्हणाले. लोक हसले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि गाडीकडं बघत म्हणालो, "ये."