रेकॉर्डवरची हिरवळ

"खेळाडूचं डोकं ही जिल्ह्याची राखीव संपत्ती आहे. तिला आम्ही ओरखडाही येऊ देणार नाही!" झाडीमंडळ फुटबॉल समितीचे सचिव लीलाधर कटरे यांनी २०१३ च्या हिवाळ्यात मैदानावरून असे जाहीर केले. टाळ्या चौघांनी वाजवल्या. त्यातले दोघे खुर्च्या परत न्यायला आलेले मंडपवाले होते.

नियम वरून आला होता. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूने एकवीस दिवस खेळायचे नाही. लवकर उतरायचे असेल तर स्मरणचाचणी उत्तीर्ण व्हायचे. नियम चांगलाच होता. पण तो लागू करायला कटरेसाहेबांकडे एकही फुटलेले डोके नव्हते, आणि अहवालात पुन्हा 'निरंक' लिहिणे बरे दिसत नव्हते.

ते डोके टिकेशने पुरवले. चोरखमाऱ्याचा हा गडी उपांत्य सामन्यात हेडर मारायला उडाला तो थेट गोलच्या खांबावर. गोल झाला. गाव नऊ वर्षांनी अंतिम फेरीत गेले. टिकेशच्या कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ आले, आणि अंतिम सामना होता नवव्या दिवशी.

चौथ्या दिवशी टिकेश चाचणीला बसला. कटरेसाहेबांनी चष्मा लावला, रेकॉर्डची फाईल उघडली.

"मैदानाचं वर्णन कर."

"अर्ध्या मैदानात धान वाळत घातला आहे जी. गोलपाशी मोठा खड्डा आहे."

कटरेसाहेबांनी फाईल पाहिली. 'समतल. हिरवळयुक्त.' मान हलवत त्यांनी फुली मारली.

"खेळाडूंना अल्पोपहार काय मिळतो?"

"चिवडा. तोही पहिल्या पाच जणायले."

"दूध, केळी, उकडलेली अंडी. आठवत नाही?"

"खाल्लीच नाहीत तं आठवन कसं?"

"बरं. समितीचे तीन प्रशिक्षक कोण?"

"तीन? आमी तं एकही नाही पाह्यला साहेब."

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी शेरा लिहिला : 'परिचित व्यक्तींचा विसर. भ्रम वाढता. विश्रांती आवश्यक.'

टिकेशचे डोके खरेच ठणकत होते. पण तो प्रश्न कागदावर नव्हता.

घरी येऊन त्याने भिंतीला पाठ टेकली. "भूमे, फायनल गेली. पोरं वाट पाहून राहिले, अन् मी घरी बसून राहीन."

"मी तं म्हणते बसाच. कालपासून दोनदा ओकले तुमी," भूमेश्वरी म्हणाली. नवऱ्याचा चेहरा पाहून मग तिने उसासा टाकला. "अन् जायचंच असन तं खरं कायले सांगता जी? तेथं तुमचं डोकं नाही तपासून राहिले, त्यायची फाईल तपासून राहिले. फाईलीत आहे तेच बोला ना!"

सातव्या दिवशी टिकेशने फेरचाचणी दिली. हिरवळ सांगितली, अंडी सांगितली, तिन्ही प्रशिक्षकांचे स्वभावसुद्धा सांगितले. शेवटी उत्साहाच्या भरात "रात्रीचे दिवेही लय झकास आहेत" असे म्हणाला. दिवे मंजूर होते, आलेले नव्हते. कटरेसाहेबांचे डोळे पाणावले. "याला म्हणतात तल्लख मेंदू!" त्यांनी शिक्का मारला : तंदुरुस्त.

यश मिळाले की समिती थांबत नसते. अंतिम सामन्याच्या सकाळी खबरदारी म्हणून दोन्ही संघांची चाचणी झाली. चोरखमाऱ्याच्या बाकीच्या दहाही जणांनी धान सांगितला. समोरच्या तिरोड्याच्या अकराही जणांनी खड्डा सांगितला. त्यातल्या एकाने तर त्यात पडून मुरगळलेला पाय दाखवला. एकवीस धडधाकट पोरे एकवीस दिवसांसाठी बाहेर बसली. रेफरीला कोणी काही विचारले नाही, म्हणून तो तेवढा वाचला.

सामना पुढे ढकलणे शक्य नव्हते. पाहुणे येऊन बसले होते.

शिट्टी झाली. मैदानात टिकेश एकटा. त्याला दोन चेंडू दिसत होते. पहिल्याला लाथ मारली, तर तो तिथे नव्हताच. दुसऱ्याला मारली, तो धानातून घरंगळत, खड्डा चुकवत, मोकळ्या गोलात गेला.

प्रेक्षकांत कोणी हसणार होते. पण कटरेसाहेब कोऱ्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन रांगांतून फिरत होते. "वा! काय हिरवळ आहे!" पायाखालचा धान सरकवत कोणीतरी ओरडले. मग सगळेच ओरडले. वाचकहो, आपण तिथे असतो तर आपणही ओरडलो असतो. आपली डोकी शाबूत आहेत.

बक्षीस घ्यायला टिकेशला व्यासपीठावर बोलावले. कटरेसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून माईकवर सांगितले, "जिल्ह्यातलं सर्वांत निरोगी डोकं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. टिकेशने कपासाठी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मग साहेबांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला,

"साहेब, मले दोन दिसून राहिले. यातला रेकॉर्डवरचा कोणता, तेवढं सांगा ना जी."