अकरा सेंटिमीटरची सूज

निवृत्त हेडमास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं आणि तिसऱ्याच दिवशी त्यावरून फोन आला.

"काका, दंडावर अकरा सेंटिमीटर सूज? दहाच्या वर गेली की आम्हाला बघावंच लागतं. अर्ध्या तासात येते," संशोधन केंद्रातली डॉक्टरीण म्हणाली आणि फोन ठेवून मोकळी झाली.

हेडमास्तरांचं धाबं दणाणलं. त्यांनी बाही वर सरकवली. दंड कसा स्वच्छ! डाससुद्धा चावला नव्हता.

भानगड अशी होती. पासष्टीपुढच्या माणसांत फ्लूची कोणती लस जास्त प्रतिकारशक्ती आणते, साधी की जादा ताकदीची, हे केंद्राला ताडून पाहायचं होतं. नवराबायको दोघांनी नाव दिलं होतं. कुणाला कोणती टोचली हे गुपित. सूज आणि ताप रोज वहीत लिहून कळवायचा, खरा निकाल मात्र अठ्ठाविसाव्या दिवशी रक्त तपासून. पण हेडमास्तरांच्या मनाने घेतलं, सूज म्हणजे शरीर लढतंय. सूज नाही म्हणजे आपला कारभार आटोपला! या धास्तीपोटी त्यांनी पहिल्या दिवशी दोन लिहिले, दुसऱ्या दिवशी सहा, आणि तिसऱ्या दिवशी हात जरा जास्तच सैल सुटला.

आता नाव कटणार. शिवाय चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माणसाचं नाक कापलं जाणार ते वेगळंच. त्यांनी गरम पाण्याची रबरी पिशवी दंडाला आवळून बांधली.

"अहो, हे काय चाललंय?" बायको दारात उभी.

"सूज आणतोय."

"काय आणताय?"

सांगावंच लागलं. तिने कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण! कुणी सांगितलं होतं?"

तेवढ्यात बेल वाजली. पिशवी घाईघाईने उशीखाली गेली.

डॉक्टरणीने दंड पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "काका, लाली आहे खरी. पण तिच्यावर या आडव्या रेघा कसल्या? गरम पाण्याच्या पिशवीच्या?"

हेडमास्तरांनी कबूलच करून टाकलं. "खोटं लिहिलं मी. काढा माझं नाव. मला वाटलं, माझ्यात लढायला काही उरलंच नाही."

"अहो, सुजेवरून कळत असतं तर आम्हाला रक्त तपासायची गरजच काय होती?" ती काकूंकडे वळली. "आणि तुमच्या वहीत तीन दिवस नुसती शून्यं. तुमचाही दंड बघू."

"माझं काय बघायचं? दूध उतू जाईल."

"अगं, दाखव की!" हेडमास्तर म्हणाले.

स्वेटरची बाही वर गेली. दंड टम्म सुजलेला, लालभडक. पट्टी साडेसातावर थांबली.

"ताप?"

"होता दोन दिवस. गोळी घेतली."

"मग शून्य का लिहिलंत?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "हे रोज माझ्या वहीत डोकावतात. माझं शून्य दिसलं की मग कुठे यांना घास जातो."

हेडमास्तरांनी तिच्या दंडावरची बाही हळूच खाली ओढली.

"दोघांनीही खरं काय ते लिहून द्या, नाव राहील," डॉक्टरीण म्हणाली. "आणि आजपासून एकमेकांचा दंड मोजायचा."

संध्याकाळी हेडमास्तरांनी बायकोच्या दंडावर हलक्या हाताने पट्टी टेकवली, तरी ती कळवळली. "सात," त्यांनी लिहिलं. "मला सांगायचं नाही का गं?"

मग तिने त्यांचा दंड उजेडात धरला. पिशवीची लालीही ओसरली होती. तिने पेन उचललं आणि थांबली.

"दोन लिहू का हो?"

"शून्य लिही," हेडमास्तर म्हणाले. "ठळक लिही."