सहकारी तत्त्वावर व्हिटॅमिन डी

सहकार म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला येऊ नये! उभा जन्म मी आमच्या सहकारी दूध संघाचा व्यवस्थापक म्हणून काढला. फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या खाडीच्या, काठावरच्या सगळ्या गोठ्यांतलं दूध माझ्या एका टाकीत पडायचं. कोणाचं दाट, कोणाचं पातळ, कोणाच्या गाईचं डोकं फिरलेलं, कसलीही भानगड नाही! टाकीत पडलं की सगळं सारखं. असा माणूस पाच जणांच्या गोळ्या एकत्र करताना कचरेल का? नाही कचरला. तिथेच तर घोळ झाला.

दर गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत आमची पाच जणांची बैठक असते. कॉफी, दालचिनीचे रोल आणि ब्लड कॅन्सर. घाबरू नका, आमचा कॅन्सर संथ जातीचा आहे. डॉक्टर त्याला औषध देत नाहीत, "थांबा, पाहू" म्हणतात. थांबायचं आम्ही, पाहायचं त्यांनी. आता आमच्याकडे तीन माणसं एका बाकावर बसली की चौथा येईपर्यंत त्यांची संघटना झालेली असते, तशी आमचीही झाली. अध्यक्ष अर्थात मी. चिटणीस आग्नेट, निवृत्त शाळामास्तरीण. अजूनही आम्हाला बोट वर केल्याशिवाय बोलू देत नाही. सभासद एजिल, फेरीबोटीचा जुना कप्तान. हा बोट वर न करताच बोलतो. दुसरा सभासद क्नूड, संघाच्या दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. तो वर्षभरात "हं" एवढंच बोलतो. आणि बोडिल.

बोडिलच्या जर्सी गाई होत्या. त्यांचं दूध असं की कपात चमचा उभा राहावा! "माझ्या दुधाचं वेगळं लोणी काढ, होल्गर," असं ती तीस वर्षं माझ्या मागे लागली होती आणि "बोडिल, सहकार म्हणजे सहकार" असं मी तीस वर्षं तिला ऐकवत होतो. एवढं सोडलं तर आमची मैत्री चांगली.

नोव्हेंबरात सिग्नेने आम्हाला हॉस्पिटलात बोलावलं. सिग्ने म्हणजे आमची तरुण डॉक्टर, पेट्रोलपंपवाल्याची मुलगी. पोरीने स्वतःच्या हिमतीवर एका मोठ्या अभ्यासात आमच्या गावाला जागा मिळवली होती.

"तुमच्या आजाराच्या पुष्कळ लोकांत व्हिटॅमिन डी कमी सापडतं," ती म्हणाली. "ते वाढवलं तर आजाराला काही फरक पडतो का, हे अजून कोणालाच नक्की माहीत नाही. तेच शोधायचंय. काहींच्या बाटलीत खरं व्हिटॅमिन असेल, काहींच्या बाटलीत नुसतं ऑलिव्हचं तेल. गोळ्या दिसायला अगदी सारख्या."

"मग माझ्यात काय आहे?" एजिलने विचारलं.

"ते मलाही माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

"कोपनहेगनला."

"बोंबला! त्यांना आजवर काय माहीत होतं, ते आता हे माहीत असेल!"

"एकच करा," सिग्ने हात जोडायच्या बेतात आली होती, "ज्याची बाटली त्यानेच घ्या."

आम्ही माना डोलावल्या. आमच्यासारखे मान डोलावणारे साऱ्या देशात सापडायचे नाहीत.

पंधरवड्यात बैठकीचा नूर पालटला. बाहेर दुपारी चारलाच मिट्ट काळोख, पण खोलीत नुसता उत्साह! एजिल खुर्चीवरून उठून गुडघा वाकवून दाखवायला लागला. "बघा! कुरकुर नाही! मला खरं व्हिटॅमिन लागलंय!" आग्नेट चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचू लागली, जरा उलटं धरून, पण वाचू लागली. मी चर्चच्या पायऱ्या एका दमात चढलो. क्नूडसुद्धा "हं" जरा मोठ्याने म्हणाला. चौघांच्याही बाटलीत खरा माल आहे, याबद्दल चौघांच्याही मनात शंका उरली नाही.

"आणि बोडिल, तुला?" मी विचारलं.

"मला काहीच वाटत नाही," ती म्हणाली. "मला तेलच मिळालंय."

साखर न घातलेली कॉफी ती ढवळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मागच्या तपासणीत माझ्या पांढऱ्या पेशी वाढल्यात. सिग्ने म्हणते, नव्या वर्षात पुन्हा वाढल्या तर थांबणं संपलं, औषधं सुरू."

पहिल्या तपासणीत आम्हा सगळ्यांत तिचंच व्हिटॅमिन सर्वांत कमी निघालेलं, तिच्याच पेशी हलायला लागलेल्या आणि तिच्याच नशिबी तेल! मला खरंच वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी ठराव मांडतो.

"मित्रहो! पाचही जणांच्या गोळ्या दर गुरुवारी एका भांड्यात ओतायच्या, ढवळायच्या आणि सारख्या वाटून घ्यायच्या. कोणीच कोरडं राहणार नाही!"

आग्नेटने स्वतःच बोट वर केलं आणि स्वतःच स्वतःला परवानगी दिली. "सिग्नेने सांगितलंय, ज्याची बाटली त्यानेच घ्यायची."

"मग? बाटल्या ज्याच्या त्याच्याकडेच राहणार आहेत! आपण फक्त गोळ्यांची अदलाबदल करतोय!"

"अरे, पण माझ्यापायी तुम्ही तुमचं खरं व्हिटॅमिन कशाला कमी करता?" बोडिल म्हणाली.

"सहकार आहे, बोडिल!"

"तुझा सहकार मला ठाऊक आहे," ती पुटपुटली. पण तिचे डोळे पाणावले होते.

अनुमोदन एजिलचं. क्नूड "हं" म्हणाला. ठराव एकमताने मंजूर!

आग्नेटने घरून निळ्या नक्षीचा वाडगा आणला, मी लाकडी डाव. दर गुरुवारी त्या सोनेरी गोळ्या मी अशा काही ढवळायचो की जुने दिवस आठवून ऊर भरून यायचा. डोळे मिटून ज्याने त्याने आठवड्याचा वाटा उचलायचा. दातृत्वाच्या भरात तर आमच्या तब्येती आणखीच सुधारल्या. एजिल दोन्ही गुडघे वाकवायला लागला. तो खाली बसला की त्याला उठवायला दोघं लागत, ती गोष्ट वेगळी.

नाताळ उलटला आणि सिग्नेला कोपनहेगनहून फोन आला. तुमच्या गावाचे आकडे असे कसे? काहींची पातळी झपाट्याने वर जायला हवी, बाकीच्यांची जागच्या जागी राहायला हवी. तुमच्याकडे पाचही जण एकाच मापाने चढलेत, तेही नखभर! असं कुठे असतं का?

सिग्नेने आम्हा पाचही जणांचं रक्त पुन्हा काढलं. आकडे तेच! मग तिला यंत्राचा संशय आला. यंत्र दुरुस्त करायला जर्मनीहून माणूस आला, त्याने ते पार उघडं-वाघडं केलं आणि यंत्र ठणठणीत असल्याचं सांगून निघून गेला. मग रक्त ठेवायचा फ्रिज बदलला. मग नर्सने नळ्यांवर नावं चुकीची चिकटवली असतील म्हणून पुन्हा रक्त! नर्स रडली. एजिल ओरडला, "अरे, माझ्या हाताची चाळण झाली!"

"मग सांगून टाकू या का?" आग्नेट मला बाजूला घेऊन म्हणाली.

"ठराव रद्द करायला आमसभा लागते," मी म्हणालो. काय सांगू, अध्यक्षपदाचा असा मोह असतो!

पुढच्या गुरुवारी वाडगा टेबलाच्या मधोमध, डाव माझ्या हातात, आणि दार उघडून सिग्ने आत! हातात सफरचंदाचा केक, डोळे सुजलेले.

"तुमची माफी मागायला आलेय," ती खुर्चीत बसत म्हणाली. "माझ्यामुळे तुम्हाला उगाच इतक्या सुया टोचून घ्याव्या लागल्या. बाकी सगळ्या गावांत नीट चाललंय, गोंधळ माझ्याच गावात. कोपनहेगनचे म्हणतात, मलाच जमत नाही. बहुतेक मला अभ्यासातून काढतील."

आमच्या तोंडचं पाणी पळालं. बोलता बोलता तिचा हात वाडग्याकडे गेला.

"कसल्या गोळ्या या?"

"लिंबाच्या!" मी म्हणालो. माणसाच्या तोंडून असं काही कसं निघतं, देव जाणे!

तिने एक तोंडात टाकली. चघळली. आतलं तेल जिभेवर फुटलं. चेहरा एरंडेल पाजलेल्या पोरासारखा झाला. मग तिने वाडग्याकडे पाहिलं, डावाकडे पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"होल्गर," ती म्हणाली, "तुम्ही ढवळलंत?"

"हं," क्नूड म्हणाला.

पुढचा अर्धा तास सिग्ने काय काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. पेट्रोलपंपावर लहानपणापासून ऐकलेले शब्द डॉक्टर झाल्यावरही विसरता येत नाहीत, एवढंच सांगतो. पण मधेच ती हसायलाही लागली होती, कारण यंत्र ठीक होतं, फ्रिज ठीक होता, नर्स ठीक होती आणि तीही ठीक होती. बिघडलेला होता फक्त दूध संघ.

आम्हा पाचांची नावं अभ्यासातून कापली गेली. सिग्नेचं काम वाचलं. आता आमच्या बाटल्यांत काय होतं ते फोडायला हरकत नव्हती, म्हणून पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आली.

"चौघांच्या बाटलीत ऑलिव्हचं तेल होतं," ती म्हणाली. "खरं व्हिटॅमिन एकाच्याच बाटलीत."

एजिलने कौतुकाने आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला. आग्नेटने चष्मा काढून ठेवला. मी उठून आभाराचे दोन शब्द बोलण्याच्या तयारीतच होतो.

"बोडिलच्या," सिग्ने म्हणाली.

एजिलचा गुडघा कट्टकन वाजला. ज्या बाईला वाचवायला आम्ही कंबर कसली होती, तिच्याच तोंडचं काढून आम्ही चौघांनी आठवडेच्या आठवडे वाटून खाल्लं होतं! सगळ्यांत कमी जिच्याकडे, तिलाच आम्ही लुबाडलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि ते गुडघे, तो चष्मा, त्या पायऱ्या? सगळी करामत ऑलिव्हच्या तेलाची!

"आणि तिच्या पेशी?" मी विचारलं.

"कालच पाहिल्या. आहेत तिथेच आहेत. थांबणं चालू," सिग्ने म्हणाली. "त्यात व्हिटॅमिनचा हात आहे की नाही, ते विचारू नका. तेच तर शोधत होतो, तेवढ्यात तुम्ही डाव घातलात!" मग तिने पाचही जणांना औषधांच्या दुकानातून घ्यायच्या साध्या गोळ्या लिहून दिल्या. नावानिशी.

बोडिलने कप खाली ठेवला. "तीस वर्षं," ती म्हणाली, "तीस वर्षं माझ्या जर्सींचं दाट दूध तू सगळ्यांच्या पाण्यात ओतलंस, होल्गर. मी म्हटलं, जाऊ दे, निवृत्त झाला बिचारा, आता काय ओतणार!" आणि ती जी हसत सुटली, ती डोळे पुसेपर्यंत हसतच राहिली.

तेवढ्यात क्नूडने घसा खाकरला. आम्ही सगळे दचकून पाहायला लागलो.

"तिचं दूध मी सगळं टाकीत ओतत नव्हतो," तो म्हणाला. "रोज लिटरभर घरी न्यायचो."

"तीस वर्षं?" मी किंचाळलो. "माझ्या संघातून?"

"अरे, मला माहीत होतं," बोडिल म्हणाली. "तो लिटर मीच वेगळा काढून ठेवायचे." आणि या वयात ती चक्क लाजली! क्नूड "हं" म्हणाला, पण तो काही नेहमीचा "हं" नव्हता.

त्याच बैठकीत नवी निवडणूक झाली. बोडिल अध्यक्ष, चार मतांनी. पहिला ठराव, ज्याची गोळी त्याची. दुसरा ठराव, होल्गरच्या हाती डाव द्यायचा नाही. आता गुरुवारी बोडिल माझ्याकडे बघत बघत आपली गोळी गिळते आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून ती पर्समध्ये टाकते. माझ्याकडे बैठक संपल्यावर कपबश्या धुण्याचं खातं आलंय. त्या मात्र मी अजूनही सगळ्यांच्या एकाच टबात धुतो.