एकोणतीस टाचण्या

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि झरी गावातलं एक अंगण समोर आणा. एका कडेला शेळ्या बांधल्या आहेत आणि मधोमध घोंगड्यावर चार जुनी कापडं एकावर एक अंथरली आहेत. सगळ्यात खाली आबांचं धोतर, त्यावर आजीच्या लुगड्याचे दोन तुकडे आणि वर बबिताआत्याची पिवळी साडी. या चार थरांची बाळासाठी गोधडी करायची आहे. पण सुई घातली की धोतर एकीकडे पळतं आणि साडी दुसरीकडे. सांगा बरं, तुम्ही ती कशानं धरून ठेवाल?

नऊ वर्षांच्या चंदापुढे हाच प्रश्न होता. बबिताआत्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशाला पालमहून सासरची माणसं येणार, आणि माहेरच्या गोधडीवरच बाळाला पाळण्यात घालायचं, अशी त्या घरची रीत. शिवायचं काम कासाबाईआजीकडे होतं आणि कापड हलू न देण्याचा जिम्मा चंदाकडे.

पहिल्या दिवशी चंदानं कपडे वाळत घालायच्या दोरीवरचे चिमटे काढून लावले. कडा घट्ट बसल्या, पण मधलं कापड फुगून वर आलं. शिवाय दोरीवरचे कपडे वाऱ्यानं उडाले ते थेट शेळ्यांच्या पायाखाली.

शेजारच्या मनकर्णाकाकू म्हणाल्या, "आमच्या टायमाला बाभळीचे काटे टोचायचे. फुकटचं काम."

काट्यांनी कापड छान धरलं. पण चार काट्यांना पाला राहिला होता. तो खायला शेळी आली आणि पाल्यासोबत गोधडीही ओढत उकिरड्यापर्यंत घेऊन गेली.

शेवटी चंदानं दुकानातून टाचण्या आणल्या. मोजून तीस टोचल्या. कापड असं गप्प बसलं की आजीची सुई दोन दिवस सरळ रेषेत धावली.

बारशाच्या सकाळी गोधडी पुरी झाली. चंदानं टाचण्या काढून साबणाच्या वडीत टोचल्या, भाकर खाऊन आली आणि मग मोजल्या. एकोणतीस भरल्या.

तिनं पुन्हा मोजल्या. उलटीकडूनही मोजल्या. टाचण्यांना काय पडलं होतं, कुठूनही मोजा, एकोणतीसच.

"आजी," चंदा हळूच म्हणाली, "एक टाचणी कमी हाय."

कासाबाईचा हात गोधडीच्या घडीवर होता तिथंच थांबला. आतून बबिताआत्याचा आवाज आला, "माय, टाचणी सापडल्याबिगर माझं लेकरू मी त्या गोधडीवर टाकणार न्हाई. आधीच सांगून ठेवते."

"म्हणूनच म्हणत होते, नवीन खूळ नको," आजी म्हणाली. "चाळीस वर्सं झाली गोधड्या शिवायलेय. कधी कुणाला टोचलं का?"

सगळ्यात जास्त येडबाआबा तापले. डोक्यावरचा पटका सावरत ते बाजेवरून उठले. "टाचणी म्हंजे काय खेळणं हाय का? मोजून घ्यावं, मोजून ठेवावं. आजकालच्या पोरायला कशाचीच कदर न्हाई."

चंदाच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. पण रडून टाचणी सापडत नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं दप्तरातून लोहचुंबक काढलं. मोडक्या रेडिओतलं ते चुंबक ती जिवापाड जपायची. ती ते गोधडीवरून बोटबोट पुढं सरकवू लागली. तिसऱ्या ओळीत कापड जरासं उचललं गेलं.

"लागली," मनकर्णाकाकू म्हणाल्या.

आजीनं टाके उसवले. चंदानं आत दोन बोटं घातली आणि अलगद बाहेर काढलं. पण ती टाचणी नव्हती. ते मोडलेल्या सुईचं टोक होतं, नखाएवढं.

सगळे कासाबाईकडे बघू लागले.

"मोडली होती जराशी," आजी म्हणाली. "मला वाटलं भुईवर पडली."

"चाळीस वर्सं कुणाला टोचलं न्हाई," आतून बबिताआत्या म्हणाली, "का कुणी सांगितलं न्हाई?"

आजीनं कात्री घेतली आणि ती सगळेच टाके उसवायला बसली. चार कापडं वेगळी झाली, झटकली गेली, उन्हाला धरून पाहिली गेली. त्यांत टाचणी नव्हती. आता गोधडीही नव्हती.

एवढ्यात फोन वाजला. बबिताआत्याच्या सासूबाई, नर्मदाबाई बोलत होत्या. "आमी परभणीच्या स्टँडवर हाव. झरीची गाडी लागायलीय."

म्हणजे हातात फार तर तास-सव्वा तास.

"कापडात न्हाई म्हंजे अंगणात पडली," मनकर्णाकाकूंनी हिशोब केला. "बाया येतील, लेकरं रांगतील. आधी मोठ्यांनी अनवाणी फिरून बघा."

"यायलाच फिरू द्या," आजीनं आबांकडे बोट केलं. "जन्मभर शेरडामागं फिरून टाचा दगडावानी झाल्यात. टोचली तरी तकलीफ न्हाई."

आबा चटकन बाजेवर बसले. "मी न्हाई फिरत. माझा पाय दुखायलाय. सकाळीच काटा काढला."

"कशानं काढला, आबा?" चंदानं विचारलं.

आबांचा हात हळूहळू पटक्याकडे गेला, एका पदरात चाचपडला आणि खाली आला. बोटांत टाचणी होती.

"ही बघा," आबा म्हणाले, "सापडली."

"कुठं होती म्हणायची?" आजीनं विचारलं.

"साबणात टोचलेली होती. मी म्हणलं, एवढ्या हायेत, एकीनं काय होतंय."

चंदानं एवढा मोठा श्वास सोडला की मनकर्णाकाकूंना हसू फुटलं. मग आजी हसली, आतून बबिताआत्या हसली आणि शेवटी आबाही, पण तोंड शेळ्यांकडे करून.

आता उरला तास. टाचण्यांचं नाव काढायला कुणीच तयार नव्हतं. बबिताआत्या दाराशी आली. "शिंपी कच्चे टाके घालतो, तसे घाल की चंदे. लांब लांब. काम झालं की वढून काढायचे."

चंदानं लाल दोरा घेतला. ती कापडाच्या मधोमध बसली आणि वीत वीत अंतरावर टाके घालत सुटली. मागून आजी, मनकर्णाकाकू आणि आत्या तीन बाजूंनी शिवत आल्या. धोतर हललं नाही, साडी पळाली नाही. चंदाचं सारं लक्ष सुईच्या टोकावर. आबा पाणी देत होते आणि न विचारता मधूनमधून सुया मोजत होते.

शेवटचा टाका पडला आणि पालमची माणसं अंगणात आली. नर्मदाबाई हातपाय धुऊन घोंगड्याशी टेकल्या. "इहीणबाई, गोधडी तर लय झकास."

"हात लागलेत सगळ्यांचे," आजी म्हणाली. "चंदा, पावण्यांना पाणी आण."

चंदा उठली. तिच्यासोबत गोधडीही उठली.

तिच्या झग्याचा घेर लाल दोऱ्यानं गोधडीला पक्का टाचला गेला होता. चंदा अर्धवट उभी आणि गोधडी अर्धवट लोंबकळलेली.

नर्मदाबाईंनी वर बघितलं, खाली बघितलं. "ही पोरगी बी बाळंतविड्यातच हाय का? मग आमी आनंदानं नेताव."

सगळं अंगण हसलं. आजी कात्री शोधू लागली.

"कात्री नको," चंदा म्हणाली. ती परत खाली बसली. लाल दोऱ्याची गाठ शोधून तिनं टोक चिमटीत धरलं आणि एका दमात ओढलं. सर्र करून सगळा दोरा बाहेर आला, झगा सुटला आणि पक्के टाके जागच्या जागी राहिले. तिनं दोऱ्याचं हे टोक बघितलं, ते टोक बघितलं, गोधडीवरून तळहात फिरवला, बाळाला घेऊन उभ्या असलेल्या आत्याकडे बघून 'आत काही न्हाई' अशी मान हलवली आणि पाणी आणायला घरात गेली.