ओळंब्यात वाढलेलं झाड

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मढवीकाका झाडाला ओळंबा लावायचे. गवंडी भिंतीला लावतात तोच, पितळी वजनाचा आणि पांढऱ्या दोरीचा. अंगात इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल, एक डोळा मिटलेला. वरच्या फांदीवरून दोरी सोडायची, वजन हलायचं थांबेपर्यंत स्वतःही हलायचं नाही, आणि मग झाड कुठे किती कललंय ते जाहीर करायचं. "दीड सूत पश्चिमेला." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जाहीर कोणाला, तर कपडे वाळत घालणाऱ्या मला. त्या वेळी परसात दुसरं कोणी नसायचं.

कोपरखैरण्याला आमची रो-हाउसची ओळ आहे. त्यांची आणि आमची भिंत एक, मागची चार हात मोकळी जागाही शेजारीशेजारी. लग्न होऊन मी वाईहून इथे आले तेव्हा त्यांच्या परसात तुळस आणि पाण्याचं पिंप एवढंच होतं. पुढे एक दिवस स्वयंपाकघराची खिडकी उघडेना. पाहिलं, तर काकांचं कोवळं झाड सुतळीने माझ्या खिडकीच्या गजाला बांधलेलं. मी पदर खोचून भांडायला गेले. काकांनी शांतपणे सांगितलं, "सईची आई, आठ दिस खिडकी लावून ठेवा. ती सरळ झाली का सोडतो." त्यांचं झाड शिवणीचं होतं, म्हणून 'ती'. आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. तेवढे दिवस मी फोडणीच्या धुरात खोकत काढले. त्यांच्या सांगण्यात अशी काही खात्री असे, की आपणच चुकतोय असं वाटायचं.

मूळचे ते घणसोली गावातले. शेतं शहरात गेली तेव्हा ते शाळेत होते. पुढे तळोज्याच्या एका ओतकाम कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं पॅटर्न बनवले. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याची आधी हुबेहूब लाकडी प्रतिकृती करायची, ती वाळूत दाबून साचा पाडायचा, त्यात रस ओतायचा. पण लोखंड निवताना आटतं. म्हणून लाकडी पॅटर्न फुटामागे एक सूत मोठा करावा लागतो. त्यासाठी या लोकांकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा फूट हा आपल्या फुटाहून सूतभर लांब. निवृत्त होताना काकांनी कारखान्यातून ती पट्टी तेवढी मागून घेतली, आणि मग घरातलं सगळं तिच्यावरच मोजायला लागले.

माझ्या कोनाड्यासाठी त्यांनी हौसेने सहा फुटी फळी करून दिली. माप माझ्याकडून साध्या टेपने घेतलेलं, फळी त्यांच्या पट्टीवर कापलेली. ती पाऊण इंच लांब झाली आणि कोनाड्यात काही केल्या जाईना. काकांनी फळी पाहिली, भिंत पाहिली आणि भिंत चुकल्याचा निर्वाळा दिला. "आटायला जागा ठेवायची असते," हे त्यांचं पालुपद. भात ते चौघांचा टाकत, खाणारे एकटे. चपला एक नंबर मोठ्या घेत. सकाळी दहाची गाडी असली तर सव्वाआठला स्टेशनवर उभे. माणसंसुद्धा हळूहळू आटतात असं त्यांचं म्हणणं होतं. काकू गेल्यापासून ते हे जरा जास्तच म्हणायला लागले होते.

त्या शिवणीला झाड म्हटलेलं त्यांना खपत नसे. "झाड नाय ते. लाकूड हाय. सध्या उभं हाय, एवढंच." खोडाला बाजूने कोंब फुटला की नखाने खुडून टाकत, कारण तिथे फांदी झाली की लाकडात गाठ येते. बुंध्याला गेरू आणि चुना. वाळवीच्या भीतीने रोज वाकून पाहणी. एका वर्षात ती कुंपणाच्या भिंतीवरून डोकावली, तिसऱ्या वर्षी माझ्या गच्चीला लागली. सईने एकदा तिला झोका बांधायचा हट्ट धरला, तर काकांनी तिला दोरीने लाकडाच्या आतले धागे कसे दबतात यावर अर्धा तास समजावलं. सई तेव्हा चार वर्षांची होती. सोसायटीच्या बैठकीत दर वर्षी तक्रार यायची. जानेवारीत पानगळ, मग पिवळी फुलं, मग गाड्यांवर पडणारी फळं. सेक्रेटरी विचारायचे, मढवी, हे कापणार कधी? काका म्हणायचे, कापायलाच लावलंय, फक्त घेर होऊ द्या.

घेर कशासाठी, ते आता सांगायला हवं.

काकांची मुलगी वैशाली लग्नानंतर मस्कतला गेली. तिला दिवस गेल्याचा फोन आला त्याच आठवड्यात काकांनी कर्जतकडून वीतभर उंचीचं शिवणीचं रोप आणलं. शिवण झपाट्याने वाढते, लाकूड हलकं, पांढुरकं आणि वाकायचं नाही. पाळण्यासाठी याहून चांगलं काही नाही, असं त्यांनी काकूंना सांगितलं. काकू इतक्या हसल्या की आमच्याकडे ऐकू आलं. पाच महिन्यांत बाळ येणार आणि हे आता रोप लावतायत. काकांनी मग बेत बदलला. पाळणा नाही, पांगुळगाडा करू. शिवणीने आपलं काम चोख केलं, वर्षात दोन माणसं उंच झाली. पण तिचं खोड मनगटाएवढं झालं तोवर तिकडे नात अन्वी अकराव्या महिन्यातच चालायला लागली होती. मग पांगुळगाड्याऐवजी छोटी खुर्ची ठरली. खुर्चीपुरतं लाकूड झालं तेव्हा अन्वी त्या खुर्चीत मावेनाशी झाली होती. इतक्या झपाट्याने वाढणारं लाकूड लावूनही काका दर वेळी मागेच पडत होते.

"पोरगी काय आटत नाय," ते एकदा भिंतीवरून मला म्हणाले. हसत म्हणाले. मी पण हसले.

शेवटी अभ्यासाचं टेबल ठरलं. ते मोठं काम, त्याला तीन फूट घेर हवा, आणि नातीची उंचीही हवी. टेबल कोपराच्या उंचीचं नसलं तर मूल पोक काढून बसतं, हा त्यांचा ठाम सिद्धांत. म्हणून दर पहिल्या रविवारी ओळंबा झाला की ते मस्कतला फोन लावून अन्वीची उंची विचारत. सुरुवातीला जावई उत्साहाने मोजून सांगायचे. पुढे वैशाली अंदाजाने सांगायला लागली. काकू गेल्या तेव्हा वैशाली तेरा दिवस राहून गेली. त्यानंतर दर वर्षी मे महिन्यात येणार होती आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी शाळा, कधी सासरचं लग्न, कधी नुसतंच जमत नाही. अन्वी फोनवर येऊन हाय आजोबा म्हणायची आणि निघून जायची. तिला मराठी फारसं येत नव्हतं आणि काकांना पट्टीशिवाय काही बोलता येत नव्हतं. मग एका रविवारी वैशाली वैतागून म्हणाली की बाबा, सारखी उंची काय विचारता, वाढतेय ती. हे काकांनीच मला सांगितलं, आणि वर मुलीचीच बाजू घेतली. नोकरी, घर, पोर, तिला वेळ कुठला, म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी सईला भिंतीवरून हाक मारली. कारण एकदम शास्त्रोक्त होतं. झाडाचा फोटो काढायचा तर शेजारी ठरावीक उंचीचं काही उभं हवं, नाहीतर वाढ कळत नाही. सईला बुंध्याशी उभी करून त्यांनी आधी तिची उंची मोजली, मग कोपराची, मग फोटो काढला. हे दर महिन्याला व्हायला लागलं. झाडाच्या फोटोसाठी कोपर कशाला मोजतात, हा प्रश्न मला तब्बल दोन वर्षं पडला नाही. स्वतःला हुशार समजणाऱ्या बाईचं हे असं असतं.

गेल्या वर्षी घेर तीन फूट भरला. पालिकेची परवानगी आली तेव्हा मला खात्री होती की आता काका काहीतरी खुसपट काढणार. इतकी वर्षं जिला जपलं तिच्यावर करवत कोण चालवू देईल. काकांनी दिली. माणसं वरून फांद्या उतरवत होती तेव्हा ते खाली उभे राहून कुठला तुकडा कसा पडला पाहिजे ते सांगत होते. डोळ्यांत टिपूस नाही. रडले असतील तर सेक्रेटरी, कारण एक ओंडका त्यांच्या कुंड्यांवर गेला. तुर्भ्याच्या वखारीतून फळ्या पाडून आल्या आणि मधे पट्ट्या घालून सावलीत वाळायला रचल्या गेल्या. आमच्या खिडकीत एकदम भलताच उजेड यायला लागला. मला तो आवडला नाही.

काम सुरू झालं तेव्हा एकदा डबा द्यायला गेले होते. पॅटर्नवाल्यांच्या रीतीप्रमाणे काकांनी आधी प्लायवूडवर टेबलाचं पूर्ण मापाचं चित्र आखलं होतं. कोपऱ्यात सुबक अक्षरात महिने आणि त्यापुढे उंची, कोपर, उंची, कोपर. वर नाव लिहिलं होतं, अन्वी. सगळी मापं माझ्या सईची होती. दोघी तीन आठवड्यांच्या फरकाने जन्मलेल्या. आकडे पाहत मी तिथे उभी राहिले आणि मला इतकं वाईट वाटलं की डबा न देताच परत आले. मग पुन्हा गेले, कारण उपाशी राहिले असते.

टेबल सुंदर झालं. साध्या पट्टीवर केलेलं, पहिल्यांदाच. गाठ नाही, खिळा नाही, सगळे सांधे लाकडाचे. त्यांनी फोटो पाठवला. वैशालीचा फोन आला त्या वेळी मी तिथेच होते. ती आनंदाने बोलत होती, वाईट मुळीच नव्हती. तिने सांगितलं की अन्वीकडे टेबल आहे, दिव्याचं आणि कप्प्यांचं, आणि बाबा, एवढं मोठं पाठवणार तरी कसं? काका म्हणाले, हो, ते पण हाय. मग तिकडे ऊन किती आहे ते त्यांनी विचारलं.

टेबल त्यांच्या हॉलमध्ये खिडकीशी पंधरा दिवस उभं होतं. वर वर्तमानपत्रसुद्धा ठेवलं नाही. मग एका संध्याकाळी काका आमच्या दारात आले. हातात पट्टी नाही, कानावर पेन्सिल नाही.

"सई मोकळी हाय का? नवीन टेबलावर रोज कोनीतरी बसाया लागतं. त्याबिगर सांधे बसत नाय."

तेहतीस वर्षं काम केलेल्या या माणसाचे सांधे कोणी न बसताही शंभर वर्षं हलले नसते, एवढं मला कळतं. मी सईला गृहपाठाची वही घेऊन पाठवलं.

तासाभराने मी स्वयंपाकघरातून कानोसा घेतला. त्यांच्याकडून काही ऐकू येत नव्हतं. साडेसातला सई आली. टेबल छान आहे, हात दुखत नाही, म्हणाली. काकांनी तिला बिस्किटं दिली, पाढे म्हणायला लावले आणि उद्याही ये म्हणाले. दप्तर ठेवता ठेवता तिने सांगितलं की आई, काकांनी मला दोन वेळा अन्वी म्हणून हाक मारली.

मी कणीक मळत होते. मग तू काय केलंस, असं विचारलं.

"ओ दिली," सई म्हणाली, आणि हात धुवायला गेली.