किसनमामाचं मीठ

किसनमामाच्या खाणावळीत गल्ला उघडा असायचा आणि कुलूप मिठाच्या डब्याला. किल्ली मामाच्या करदोड्याला बांधलेली. आत आमटीला उकळी फुटली की मामी हाक मारायची, "अहो, मीठ." मग मामा हातातली पळी खाली ठेवून आत जायचा, भिंतीकडं तोंड करून धोतराचा सोगा वर करायचा, किल्ली सोडायचा आणि देव्हाऱ्यातून शाळिग्राम काढावा तसे चार खडे काढून पातेल्यात सोडायचा. पातेलं तीस माणसांचं. चार खडे. लगेच कुलूप.

मी राहात्याचा. मॅट्रिक झालो आणि एकाहत्तर-बाहत्तरच्या हंगामात कोपरगावकडं एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात चिकटलो. घरापासून पहिल्यांदाच लांब, त्यामुळं गेटासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मामाच्या खाणावळीचा मेंबर झालो. पहिल्याच दिवशी आमटीचा भुरका मारला आणि वाटलं, मला सर्दी झालीय. शेजारचा म्हणाला, सर्दी नाही, मीठ नाही. सवय होईल, नाहीतर वजन कमी होईल.

मामाची नक्कल मी फार चांगली करतो. एक हात कमरेवर, दुसऱ्यात पळी, मान डावीकडं कललेली आणि निम्मे शब्द नाकातून. "जीभ लाडावलीय तुमची." हे मामाचं ठरलेलं वाक्य. कुणी म्हटलं आमटी अळणी आहे, तर जीभ लाडावलीय. कुणी म्हटलं आज ऊन फार आहे, तरी जीभ लाडावलीय. मी टाइम ऑफिसात ही नक्कल सुरू केली की मुकादम हजेरीचा गठ्ठा बाजूला ठेवून बसायचे. मामा बाजारात गेला की खाणावळीतही करायचो.

पण मामा चिक्कू नव्हता. भाकरी किती खा, मोजायचा नाही. शेंगदाण्याची चटणी मूठभर वाढायचा, तीही अळणीच. लोणचं मात्र हद्दपार केलेलं, आणि ताटात वरच्या बाजूला चिमूटभर मीठ वाढतात तेही बंद. जुने मेंबर सांगायचे, गेल्या दिवाळीपर्यंत असं नव्हतं. मामीच्या आमटीसाठी म्हणे ट्रकवाले वाट वाकडी करून यायचे. मग अचानक कुलूप आलं. मामाला विचारलं तर तो छाती काढून सांगायचा, मीठ घातलं की वांगं आणि बटाटा सारखाच लागतो. हिच्या हाताची चव तुमी मिठाखाली गाडता व्हय?

एक गंमत माझ्या लक्षात आली होती. तालमीत वाढलेला हा माणूस, साधं "या, बसा" म्हणाला तरी गेटावरचा वॉचमन उठून उभा राहायचा. पण मिठाचा विषय निघाला की आधी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायचा आणि आवाज एकदम खाली आणायचा. मिठावरचं सगळं भांडण कुजबुजत. भांडायला आलेला माणूसही मग कुजबुजायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघं कुणाचं तरी लग्न जमवतायत.

मेंबरांनी आपापले उपाय शोधले. कुणी कागदाच्या पुडीत मीठ आणायचं, कुणी काडेपेटीत. बबन फिटर सगळ्यांत हुशार. त्याची चुन्याची डबी दोन तोंडांची, एका बाजूला चुना, दुसरीकडं तंबाखू. त्यानं तंबाखू पुडीत काढली आणि तिच्या जागी बारीक कुटलेलं मीठ भरलं. मामाला वाटायचं, गडी जेवताजेवताच तंबाखू काढतो, काय ही लाडावलेली जीभ. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर बबन गप्पांच्या नादात होता. हात आपल्या सवयीनं डबीकडं गेला, चिमूट तळहातावर, वर चुना, अंगठ्यानं छान मळलं, फटका मारला आणि ओठाखाली सोडलं. पुढं अर्धा तास बबन नळाखाली तोंड धरून होता आणि आम्ही पोट धरून.

तोंड सोललेल्या बबननंच मग बंड केलं. सोमवारपासून मीठ पहिल्यासारखं, नाहीतर तीसच्या तीस मेंबर स्टँडाजवळच्या खाणावळीत. तिथं आमटीवर शेवसुद्धा मिळायची. हे मामाला सांगायला मला धाडायचं ठरलं. बबनचं म्हणणं, तू त्याच्याच आवाजात बोल, स्वतःच्या आवाजाला माणूस नाही कसं म्हणेल?

रविवारी दुपारी सगळे जेवून गेल्यावर मी मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात शिरलो. मामी जेवत होती. ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी जेवायची, पातेल्यात जे उरेल ते. मला बघून तिनं पाट पुढं सरकवला. म्हणाली, बस, तुझ्या नकला भिंतीपलीकडून ऐकते मी, यांच्यापेक्षा तूच बरा बोलतोस. मी खाकरून कमरेवर हात ठेवला. तेवढ्यात तिनंच विचारलं.

"एक सांग, खरं सांग. मीठ कमी करा असं तुमी पोरांनीच म्हटलं ना? हे म्हणत्यात, शिकलेली पोरं हायत, त्यांना अळणीच लागतंय. मला काय पटत न्हाई. तुमी उपाशी उठत असाल तर उद्या मी ते कुलूपच फोडते."

मी वर बघितलं. मामीच्या मागं, दारात मामा उभा होता. धुतलेलं ताट हातात. त्यानं ते आवाज न करता खाली ठेवलं आणि मला हात जोडले. कुस्तीत कधी पाठ न टेकलेला माणूस, माझ्यासारख्या काडीपैलवानाला हात जोडून उभा.

मला काही कळलं नव्हतं. पण कमरेवरचा हात आपोआप खाली आला.

"व्हय मामी," मी म्हणालो, "आम्हीच सांगितलं. जीभ लाडावली होती आमची."

मामीचा चेहरा निवळला. मग बरं, म्हणाली, मी आपली रोज मनात झुरत होते. आणि तिनं माझ्यासाठी भाकरी कुस्करायला घेतली.

नंतर मामानं मला बाहेर हौदापाशी नेलं. दिवाळीत मामीला चक्कर आली होती. डॉक्टरनं दंडाला पट्टा आवळून बघितलं आणि सांगितलं ब्लडप्रेशर, मीठ तोडा, बाईंचं वेगळं शिजवा. मामीनं तिथल्या तिथं उडवून लावलं. तीस माणसांची चूल माझी आणि मी माझ्यापुरतं बारकं भगुनं चढवू? मी काय बाळंतीण हाय? दोन भगुनी केली तरी ती मेंबरांच्या भगुन्यातलंच खाणार, हे मामाला पक्कं ठाऊक. "मग तुमचंच अळणी केलं," मामा म्हणाला. नाकातून नाही, सरळ.

मी म्हटलं, मामा, सगळे सोडून जातील.

"जाऊ द्या. स्टँडापाशी जेवा, कुठंबी जेवा. पर जाताना तिला म्हणू नका की मीठ कमी हुतं. सहा महिन्यांत एकदाबी चक्कर न्हाई आली तिला."

बबनच्या खोलीवर सगळे वाट बघत होते. सगळं जसंच्या तसं सांगितलं, नक्कल न करता. कुणी हसलं नाही. बबननं विचारलं, मग दोन भगुनी केली तर? मी बाळंतिणीचं पुन्हा सांगितलं. बबननं मामाला एक मायेची शिवी घातली आणि कूस बदलून झोपला. त्याचं काही कळेना.

सोमवारी तीसच्या तीस ताटं लागली. कुणाच्या खिशात पुडी नव्हती. आम्ही कारखान्याची माणसं, संपात एक होत नाही ते आमटीला एक झालो, याचा मला आजही अभिमान वाटतो. निम्मं जेवण झालं आणि कधी नव्हे ती मामी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. माझ्या एकट्याच्या शब्दावर तिचा विश्वास बसला नसावा. म्हणाली, पोरांनो, खरं सांगा, मीठ बरं हाय का?

सगळे बबनकडं बघायला लागले. त्याचा ओठ अजून सुजलेला. त्यानं सावकाश घास गिळला, जीभ टाळ्याला लावून बघितली.

"मामी," तो म्हणाला, "राग नका मानू. आज एखादा खडा जास्तच पडलाय."

"हे चुकले असत्याल," मामी म्हणाली. "उद्यापासून तीनच टाकायला लावते." आणि समाधानानं आत गेली.

आम्ही एकोणतीस जण बबनकडं नुसते बघत राहिलो.

मामा पळी घेऊन मध्येच उभा होता. मग तो बबनच्या ताटाशी गेला आणि आमटी वाढायला लागला. वाटी भरली, आमटी ताटात आली, भाकरीखाली शिरली, तरी मामा वाढतच होता. आणि बबन काही हात आडवा धरत नव्हता.